फॉस्फेट शून्य, तरी दगडांवर केसाळ शेवाळ कसं?

नाशिकच्या इंदिरानगरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच मरीन, म्हणजे समुद्री माशांचा टँक, सुरू होऊन आठ महिने झाले. दोन क्लाउनफिश, दोन डॅमसेल, एक कार्डिनल, एक ब्लेनी आणि दोन क्लीनर श्रिंप. दगड कोरडे आणलेले, कृत्रिम. दोन महिन्यांपासून दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ, आता दोन-तीन इंच लांब. दर रविवारी आरओच्या पाण्यात मीठ कालवून २० लिटर बदल करतात, उडालेल्या पाण्याची रोजची भर मात्र नळाने. लाइट सहा तासांवर आणली. दुकानातून ‘अँटी-अल्गी’ची बाटली आणली आहे, अजून उघडलेली नाही. पाणी तपासायच्या किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आणि शेवटी विचारलंय की टँक रिकामा करून दगड अ‍ॅसिडने धुवून पहिल्यापासून सुरू करू का?

आधी ती बाटली उचलून कपाटात वर ठेवा. तिचं पुढे सांगतो.

गेली पंधरा वर्षं मी नाशकात लोकांचे टँक सांभाळतोय आणि हा ‘शून्य’ मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. किट बिघडलेलं नाही. पण ते पाण्यात उरलेलं तेवढंच मोजतं, आलेलं मोजत नाही. पगार जमा झाला, त्याच दिवशी गाडीचा आणि घराचा हप्ता कापून गेला, आणि संध्याकाळी खात्यात शून्य दिसलं, म्हणून पगार झालाच नाही असं आपण म्हणत नाही. तुमच्या टँकमधला हप्ता म्हणजे ते तीन इंचांचं शेवाळ. फॉस्फेट पाण्यात आलं की ते उचलतं, तुमची टेस्ट ट्यूब नंतर पोहोचते.

त्यामुळे आलं किती, तेच मोजायला हवं. तुमच्या मापाच्या काचेत काठोकाठ अडीचशे लिटर बसतं. दगड, वाळू, वरची रिकामी पट्टी वजा करता पाणी २०० लिटर धरू.

लोक आधी नळाच्या पाण्याला दोष देतात. मीही वर्षानुवर्षं तेच करायचो. एप्रिल-मे मध्ये पंखे लावलेल्या चार फुटी टँकमधून नाशकात रोज चार लिटर पाणी सहज उडतं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर गोड्या पाण्याची, इथवर तुमचं बरोबर आहे. समजा नळाच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट आहे. चार लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम झालं.

आता खाद्य बघा. कोरड्या दाण्यांत फॉस्फरस साधारण १ टक्का असतो, कधी थोडा जास्तच. तुम्ही ‘दोन वेळा चिमूटभर’ लिहिलंय. ही चिमूट मी एका घरी सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून पाहिली होती. आजोबांची चिमूट निघाली ०.४ ग्रॅम, सातवीतल्या नातवाची १.८. आणि दोघंही खायला घालत होते, एकमेकांना न सांगता. तुमच्याकडे दिवसाला दीड ग्रॅम जातंय असं धरू. त्यात फॉस्फरस १५ मिलिग्रॅम, म्हणजे फॉस्फेटच्या रूपात सुमारे ४६ मिलिग्रॅम. रोज. नळाच्या शंभर पटींहून जास्त. २०० लिटरला भागलं तर दिवसाला ०.२३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) होतं, आणि आपण ज्याच्यासाठी धडपडतो तो आकडा ०.०३ ते ०.१ पीपीएम.

सगळंच पाण्यात उतरत नाही. काही माशांच्या अंगी लागतं, काही विष्ठेबरोबर स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, उचलतो. तरी मोठा भाग टँकमध्येच राहतो. मग रविवारचा पाणीबदल काय करतो? काढलेल्या पाण्यात फॉस्फेट ०.०५ पीपीएम असलं तर २० लिटरमधून बाहेर गेलं १ मिलिग्रॅम. आठवड्याची आवक तीनशेच्या वर, जावक एक. पाणीबदल थांबवू नका, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि बाकीच्या क्षारांसाठी तो हवाच. पण शेवाळ त्याने जात नाही. दुप्पट केलात तरी दोनच मिलिग्रॅम जातील आणि मिठाचं पोतं लवकर संपेल.

नाशिककरांना हे नवीन नाही खरं तर. गोदावरीत दर उन्हाळ्यात पाणवेलींचा हिरवा गालिचा पसरतो, मशीन लावून काढतात, पुन्हा पसरतो, कारण नाल्यातून येणारं खत थांबलेलं नसतं. आणि द्राक्षाच्या पट्ट्यात तर १३:००:४५ आणि ००:५२:३४ या पिशव्या कृषी सेवा केंद्रात सगळेच ओळखतात. पहिली पोटॅशियम नायट्रेटची, दुसरी मोनो पोटॅशियम फॉस्फेटची. दिंडोरीचा माझा एक बागायतदार मित्र टँक बघून म्हणाला होता, ‘तू जे काढायला मरतोयस ते मी पैसे देऊन ठिबकमधून सोडतो.’

शेवाळ उपटण्याआधी ते कोणतं आहे याची खात्री करा, कारण उपाय उलटसुलट आहेत. दोन बोटांत धरून ओढा. तंतू निसरडे पण चिवट, ओढल्यावर बुंध्यापाशी तुटणारे असले तर केसाळ शेवाळ. पाण्यात हलवल्यावर प्रत्येक तंतू पिसासारखा किंवा फर्नच्या पानासारखा दिसला तर ते ब्रायोप्सिस, तो जास्त हट्टी. लालसर-जांभळी साय, बोट लावताच पापुद्र्यासारखी निघणारी, म्हणजे सायनो. ते शेवाळ नाहीच, जिवाणू आहेत, आणि प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात जमतात. हिरव्या काचेच्या गोट्या दिसल्या तर बबल अल्गी, त्या टँकमध्ये फोडू नका, अख्ख्या काढा. वाळूवर तपकिरी धूळ बसली असेल तर ते डायटम, सिलिकेटवर वाढणारे सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये ते येतात, काही आठवड्यांत जातात, त्यांच्यासाठी झोप घालवू नका. आणि तपकिरी शेंबडासारख्या तारा, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री लाइट गेल्यावर जवळजवळ गायब आणि दुपारी पुन्हा हजर, असं असेल तर ते डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव. त्यावर खाली लिहितो, कारण ते मी स्वतःच्या हाताने पैदा केले होते.

तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे साधं केसाळच आहे. तर आता काम.

रविवारी पाणीबदलाचे जे २० लिटर काढता ते नुसते काढू नका. जुना टूथब्रश घ्या, कडक ब्रिसलचा. त्याच्या डोक्याला लागून पारदर्शक बारीक नळी केबल टायने बांधा, नळीचं तोंड ब्रिसलच्या अर्धा सेंटीमीटर मागे. दुसरं टोक बादलीत, बादलीवर जुन्या ओढणीचं कापड. आता दगड घासायचा. तुटलेला प्रत्येक तंतू तिथल्या तिथे नळीत ओढला जातो. हे महत्त्वाचं, कारण नुसतं घासून तंतू मोकळे सोडले तर ते पंपाच्या जाळीवर आणि पुढच्या दगडावर जाऊन बसतात आणि तिथे रुजतात. आधी लांब झुपके बोटांनी उपटा, मग ब्रश. एका रविवारी एकाच बाजूचे दगड करा. नळी बारीक असली की २० लिटर पाणी जायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात दोन मोठे दगड होतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला.

बादलीवरच्या कापडातलं शेवाळ पिळा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. (घरात विचारून.) पिळलेलं १०० ग्रॅम ओलं शेवाळ म्हणजे ढोबळमानाने ३० ते ४० मिलिग्रॅम फॉस्फेट टँकबाहेर गेलं. त्याच पाऊण तासात त्याच बादलीतल्या पाण्यातून १ मिलिग्रॅम गेलं होतं, आठवतंय? ज्याला आपण शत्रू म्हणतो तोच बिचारा फॉस्फेटची मोळी बांधून हातात देतोय. गोगलगाईने ते खाल्लं तर त्यातलं बरंचसं विष्ठेतून परत टँकमध्येच येतं. हाताने काढलेलं मात्र कायमचं जातं. तुळशीच्या कुंडीत टाकायचं असेल तर आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळा, मीठ राहिलं तर तुळस जळेल.

घासण्याआधी मेडिकलमधली ६० मिलीची सिरिंज घेऊन दगडांच्या खाचांत पाण्याचा झोत मारा. पहिल्यांदा माराल तेव्हा जो करडा धुरळा उठेल तो बघून वाईट वाटेल. ती आठ महिन्यांची विष्ठा आणि न खाल्लेले दाणे आहेत. त्या वेळी संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची कापडी पिशवी, लावलेला हवा आणि दुसऱ्या दिवशी तो धुवायला हवा. आठवडाभर तसाच ठेवला तर त्याचा उपयोग शून्य. दगडांच्या मागे पाणी साचून राहत असेल तर वेव्हमेकरचं, म्हणजे प्रवाह देणाऱ्या पंपाचं, तोंड बदला.

खाद्याचं एकच सांगतो. दिवसाचं खाद्य सकाळी तोलून एका छोट्या डबीत भरा, घरात कोणीही घालो, डबी संपली की संपलं. तुमच्या सहा लहान माशांना अर्धा ते पाऊण ग्रॅम पुरे. फ्रोझन क्यूब देत असाल तर चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याखाली वितळवा, तो रस टँकमध्ये जाऊ देऊ नका. उपाशी मात्र ठेवू नका. शेवाळाच्या रागाने मासे रोडावलेले टँक मी पाहिले आहेत आणि शेवाळ तसंच होतं.

दुसरी मोठी गोष्ट, शेवाळाला हक्काची जागा द्या. कुठेतरी ते वाढणारच, तर संपमध्ये वाढू दे. वॉल्टर एडी नावाच्या स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञाने १९८०च्या आसपास प्रवाळांच्या प्रयोग-टँकसाठी हेच केलं. खरखरीत जाळीवरून पाणी सोडलं, वर जोरदार लाइट दिली, जाळीवर शेवाळ वाढलं की खरवडून फेकलं. त्याला अल्गी स्क्रबर म्हणतात. ते जमत नसेल तर संपच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फाचा गोळा ठेवा. तो भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या जाळीसारखा दिसतो, मुळं नसतात. त्यावर रोपांसाठी मिळणारा साधा एलईडी रात्री लावा, मुख्य लाइट बंद असताना. रात्री टँकचा पीएच घसरतो, तोही त्याने थोडा सावरतो. दर पंधरा दिवसांनी अर्धा गोळा काढून टाका. न काढता नुसता वाढवत ठेवला तर आतून सडतो आणि घेतलेलं सगळं परत देतो. पहिला महिना कीटोमॉर्फा वाढणारच नाही, कारण वर दगडांवरचं शेवाळ आधी खाऊन टाकतंय. म्हणून आधी घासणं, मग हे.

आता नळाचं पाणी. फॉस्फेटच्या खटल्यातून मी त्याला सोडलं, पण बाकीचे गुन्हे आहेत. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी बरंच सौम्य आहे, माझ्याकडे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) दीडशेच्या आसपास येतो. पण उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं. त्याच नळाला मी सहाशेच्या वर पाहिलंय. आपला भाग बेसॉल्टचा, बोअरच्या पाण्यात सिलिकेट असतंच, आणि शेतीच्या पट्ट्यातल्या बोअरला खताचं नायट्रेट. रोज चार लिटर म्हणजे महिन्याला १२० लिटर. तुम्ही बदलता ८० लिटर चांगलं पाणी आणि ओतता १२० लिटर कसलं ते कोणालाच माहीत नाही. आणि त्यातले क्षार उडत नाहीत, साठत जातात.

ज्या आरओचं पाणी बदलाला वापरता त्याचाही टीडीएस मोजा. पिण्याच्या घरगुती आरओत बहुतेकदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो, म्हणून तिथे ५०-८० येतं. पिण्यासाठी ठीक, टँकसाठी नाही. त्या मिसळण्याच्या आधी नळी काढून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) एक डबा जोडा. आकडा शून्य यायला हवा. रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सिलिकेट सुटतं, आणि मीटरवर ते लवकर दिसत नाही. त्यामुळे शून्य टीडीएस असूनही जुन्या टँकमध्ये काचेवर अचानक तपकिरी धूळ, म्हणजे डायटम, येऊ लागली तर रेझिन बदला. लाइट सहा तासांवर आणलीत, राहू द्या, पण टँकवर संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन येतं का ते बघा. गॅलरीच्या काचेतून येणारं अर्ध्या तासाचं ऊनही शेवाळाला पुरतं.

गोगलगाई आणि शेवाळ खाणारे मासे याबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. तीन इंची केस कोणतीही गोगलगाय खात नाही. गाय-बकरीने उसाचा फड साफ करावा अशी ही अपेक्षा झाली. घासून अर्ध्या सेंटीमीटरवर आणलं की मग टर्बो, सेरिथ गोगलगाई ते कापत राहतात. आठ-दहा पुरेत, शंभर आणल्या तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतील. सी हेअर हा बिनशिंपल्याचा समुद्री गोगलगाईसारखा प्राणी खरोखर अधाशासारखं खातो, पण तुमचा टँक साफ झाला की दोन आठवड्यांत त्याचा सांगाडा होतो. आणून द्यायला-घ्यायला दुसरा टँकवाला ओळखीचा असेल तरच आणा. शेवाळ खाणाऱ्या टँग माशाला चार फूट कमी पडतात. शिवाय दगड घालायच्या निमित्ताने कोणी ‘समुद्रातला अस्सल’ म्हणून प्रवाळाचा तुकडा देऊ लागला तर घेऊ नका. दगडी प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत.

फॉस्फेट शोषणारं जीएफओ, म्हणजे तो विटकरी रंगाचा लोहाचा भुगा, यावर माझी कथा. या कामाच्या सातव्या-आठव्या वर्षी मला शून्याचं वेड लागलं होतं. पाकिटावरच्या मात्रेच्या दुप्पट भुगा रिअ‍ॅक्टरमध्ये भरला, खाद्य एक दिवसाआड केलं. हिरवं शेवाळ तीन आठवड्यांत पांढरं पडून गेलं. मी मित्रांना बोलावून टँक दाखवला. महिनाभराने वाळूवर तपकिरी तारा आल्या, बुडबुडे घेऊन. गोगलगाई एकेक करून उलट्या पडायला लागल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला, तर बदामाच्या आकाराच्या पेशी, खुंटीला बांधल्यासारख्या एका जागी गरगर फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस. हा विषारी डायनो आहे. बाकी सगळे जीव मी उपाशी मारले होते आणि जागा याला मोकळी करून दिली होती. मग उलटा प्रवास करावा लागला. जीएफओ काढलं, सोडियम नायट्रेट मोजून घालून नायट्रेट ५-१० वर नेलं, खाद्य वाढवलं, आणि रात्री हे पाण्यात तरंगतात म्हणून पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा लावला. चार महिने गेले. म्हणून किटवर खरंच शून्य हवं असं माझ्याकडून कोणी ऐकणार नाही. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, आणि दोन्ही तिथे रेंगाळलेले बरे. तुम्हाला सध्या जीएफओ लागतच नाही. घासून घासून शेवाळ कमी झाल्यावर किट ०.२ च्या वर दाखवू लागलं, आणि ते दाखवेल, कारण दगडांत मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटतं, तर तेव्हा पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने सुरू करा. आकडा वाढला म्हणून घाबरू नका. खाणारा गेला की ताटात उरतं.

औषधं. ती बाटली गोड्या पाण्याच्या टँकची असेल तर बहुधा त्यात तांबं आहे. लेबलवर कॉपर शब्द शोधा. तांब्याने तुमच्या दोन्ही श्रिंप एका रात्रीत मरतील, गोगलगाईही, आणि ते दगडांत मुरून महिनोन्‌महिने थोडं थोडं सुटत राहील. माझे पहिले तीन श्रिंप असेच गेले. ‘मरीनलाही चालतं’ असं सांगून दिलेली बाटली होती, आणि मीही लेबल वाचलं नव्हतं. ब्रायोप्सिस निघालं तर फ्लुकोनॅझोल काम करतं, लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवून, दोन-तीन आठवडे. पण ते माणसाचं चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे आणि तुमच्या केसाळावर त्याचा भरवसा नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड टँकमध्ये ओतू नका, क्लीनर श्रिंपला ते सोसत नाही. एखादा हट्टी दगड असेल तर तो बाहेर काढा, मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून ब्रशने फक्त शेवाळावर लावा, पाच मिनिटं थांबा, टँकच्याच काढलेल्या पाण्यात खळबळून परत ठेवा. तीन दिवस चादर गुंडाळून अंधार करायचा उपाय सायनोसाठी ठीक आहे. केसाळ शेवाळ त्याने फिकं पडतं आणि आठवड्यात परत येतं.

राहिला अ‍ॅसिडचा प्रश्न. नको. कोरड्या दगडावर आठ महिन्यांत कुठे जिवाणूंची वस्ती बसली आहे, मागच्या बाजूला गुलाबी-जांभळे डाग येऊ लागले असतील तर ते कोरलाइन, म्हणजे दगडावर कडक थर धरणारं चांगलं शेवाळ आहे, ते आलं की केसाळ शेवाळाला रुजायला जागाच कमी पडते. अ‍ॅसिडने हे सगळं जाईल, सहा माशांना महिनाभर ठेवायला दुसरा टँक लागेल, आणि नव्या सुरुवातीला खाद्याची चिमूट तीच असेल. ॲसिड हाताळताना उडणारा वायू हॉलमध्ये कोंडतो, ते वेगळंच.

असं करा. उद्या खाद्याची डबी आणि काटा. या आठवड्यात भर आरओच्या पाण्याने. रविवारी ब्रश आणि नळी, डाव्या बाजूचे दगड, काढलेल्या शेवाळाचं वजन वहीत. पहिल्या तीन रविवारी वजन वाढेलसुद्धा, कारण तुमचा हात बसत जाईल. सहाव्या-सातव्या रविवारी ते निम्म्यावर यायला हवं. नाही आलं तर वहीतले आकडे, आरओच्या दोन्ही बाजूंचा टीडीएस आणि पांढऱ्या लाइटखाली काढलेला एका तंतूचा जवळून फोटो पाठवा. निळ्या लाइटखालचा नको, त्यात सगळंच सुंदर दिसतं.